‘किती गोड!’ म्हटल्यानंतर: मेरी कॅसॅटचं छापचित्र पाहायला शिकताना

आई खुर्चीत बसली आहे. अंगावर चिंधीही नसलेलं मूल तिच्या गळ्यात पडलंय, गालाला गाल भिडलाय. मागे पलंगाचा थोडा भाग, नक्षीची भिंत. बस, एवढंच चित्र. ‘मॅटर्नल कॅरेस’ हे त्याचं नाव. काढलंय मेरी कॅसॅट या अमेरिकन चित्रकर्तीनं, १८९०–९१ मध्ये, पॅरिसला राहून. मोबाइलवर ते समोर आलं की आपण ‘अगंबाई, किती गोड!’ म्हणतो आणि अंगठा पुढे सरकवतो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. मग एकदा चित्र मोठं करून बाळाच्या पाठीपाशी थांबले आणि लक्षात आलं की तिथे जवळजवळ काही छापलेलंच नाही. तेव्हापासून हे चित्र माझ्यामागे लागलं आहे.

ज्यांना असं छापचित्र आवडतं पण ‘एचिंग’, ‘ड्रायपॉइंट’, ‘अ‍ॅक्वाटिंट’ हे शब्द आले की बुजायला होतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. चित्रकला शिकलेली असण्याची गरज नाही. तासभर वेळ हवा, आणि चेहऱ्यांकडे सगळ्यात शेवटी पाहण्याची तयारी हवी.

आधी मोठी प्रत मिळवा

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी या तिन्ही ठिकाणी कॅसॅटची छापचित्रं आहेत, आणि त्यांच्या संकेतस्थळांवरून मोठ्या आकारातली छायाचित्रं फुकट उतरवून घेता येतात. ढकलून आलेल्या फोटोवर समाधान मानू नका. त्यात रंग भडक झालेले असतात आणि कागदाच्या कडा कापलेल्या असतात. आपल्याला नेमक्या त्या कडाच लागणार आहेत. जमलं तर संगणकाच्या पडद्यावर पाहा. मोबाइलवर पाहणं म्हणजे दाराच्या फटीतून लग्न पाहणं.

आता एक वर्तमानपत्र घ्या आणि त्यातून साधारण ३७ सेंटिमीटर उंच, २७ सेंटिमीटर रुंद असा तुकडा कापा. चित्राचा छापील भाग एवढाच आहे. तो तुकडा हातात धरून पाहा. भिंतीवर टांगून दहा पावलांवरून पाहायची ही वस्तू नाही, मांडीवर घेऊन पाहायची आहे. छापचित्रं जमवणारे तेव्हा ती पोर्टफोलिओत ठेवत आणि एकेक काढून जवळून पाहत. चित्रातल्या आईचं आणि बाळाचं अंतर नाहीसं झालंय, तसंच चित्राचं आणि पाहणाऱ्याचंही अंतर कमी असावं अशीच ही रचना आहे.

पाटा आठवा

छापण्याच्या दोन मोठ्या जाती नीट समजल्या की अर्धं काम झालं. पहिली जात शिक्क्याची. उंच राहिलेल्या भागाला शाई लागते, खोलगट भाग कोरा राहतो. रबरी शिक्का, कापडावर मारायचे लाकडी छापे, जपानी लाकडी ठशांची चित्रं, सगळी याच घराण्यातली.

दुसरी जात उलटी, आणि ती समजावायला मला स्वयंपाकघरातल्या पाट्याइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. टाकी लावलेल्या पाट्यावर वाटण वाटलं, मग हातानं सगळं निपटून घेतलं, तरी टाकीच्या खाचांमध्ये थोडं वाटण बसून राहतंच. एचिंगचं तंत्र हेच. तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं किंवा सुईनं खाचा पाडायच्या, त्यात शाई भरायची, वरचा पृष्ठभाग कापडानं पुसून लख्ख करायचा, मग ओलसर कागद ठेवून दोन रुळांच्या प्रेसमधून जबर दाबानं काढायचा. कागद खाचांमध्ये शिरतो आणि शाई उचलून आणतो.

याची खूण शोधायला अगदी सोपी आहे. चित्राच्या चारही बाजूंना, रंग संपतो तिथे, कागद थोडा दबलेला दिसतो. तो पत्र्याचा ठसा. मोठ्या छायाचित्रात त्याची बारीक सावली पकडता येते. चित्र विकत घेताना किंवा प्रदर्शनात पाहताना पहिली नजर तिथेच टाकायची सवय लावा. तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कारण खोटा ठसाही मारता येतो. पण ठसा दिसलाच नाही तर आधी शंका घ्यायला हरकत नाही. फक्त जुन्या प्रतींच्या कडा कधीकधी ठशाच्या आत कापलेल्या असतात, एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक गंमत. छापलं की चित्र आरशासारखं उलटं होतं. पत्र्यावरची डावी बाजू कागदावर उजवीकडे येते. त्यामुळे ‘ही बाई डावरी आहे का?’ असले प्रश्न छापचित्रात विचारण्यात फारसा अर्थ नसतो.

रेषा, मग दाणा

आता पडद्यावर बाळाचा दंड मोठा करा. बाहेरची रेषा पाहा. ती ड्रायपॉइंटची, म्हणजे पोलादी सुईनं थेट तांबं ओरखडून काढलेली. आम्ल नाही, मेण नाही. सुई नांगरासारखी चालते, तासाच्या कडेला माती उचलली जावी तसा धातूचा बारीक कंगोरा उभा राहतो. त्या कंगोऱ्यात शाई अडकते आणि रेषेला मखमलीसारखी मऊ कड येते. पण प्रेसच्या दाबाखाली हा कंगोरा लवकर झिजतो. म्हणून ड्रायपॉइंटच्या चांगल्या प्रती मोजक्याच निघतात. या चित्रांमध्ये कॅसॅटनं रेषा बरीच सडपातळ आणि स्वच्छ ठेवली आहे. मखमल कमी, नेमकेपणा जास्त. का, ते पुढे येईल.

दुसरं तंत्र सॉफ्ट ग्राउंड. पत्र्यावर चिकट, मऊ मेणाचा थर द्यायचा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलनं रेखाटायचं. कागद उचलला की जिथे दाब पडला तिथलं मेण कागदाला चिकटून निघून येतं, मग पत्रा आम्लात बुडवला की तेवढाच भाग खाल्ला जातो. छापल्यावर ती रेषा पेन्सिलीसारखी, किंचित दाणेदार दिसते.

तिसरं अ‍ॅक्वाटिंट, आणि या चित्राचं रंगाचं अंग म्हणजे तेच. पत्र्यावर राळेची भुकटी भुरभुरवायची, खालून ऊब देऊन ती चिकटवायची, मग आम्ल. आम्ल दाण्यांच्या मधल्या जागा खातं आणि पत्र्यावर लाखो बारीक खड्डे तयार होतात. रेषा न काढता सपाट रंगाचा पट्टा छापायचा तर हा मार्ग. आईच्या कपड्याचा रंग पुरेसा मोठा करून पाहिलात तर तो दाणा दिसेल, बारीक रव्यासारखा. जितका वेळ आम्लात, तितका रंग गडद. ज्या जागा मुळीच नकोत त्या वार्निशनं झाकायच्या.

इथे एक आडवळण घेते. आपली नजर आई-मुलाच्या छापील चित्राला सरावलेली आहेच. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि यशोदा-कृष्णाची ओलिओग्राफ घरोघरी पोचली. म्हणजे कॅसॅटच्या चित्रांनंतर तीन-चार वर्षांतच. पण ती शिळाछपाई. दगडावर ना उंचवटा, ना खाच. तेल आणि पाणी मिसळत नाही या गुणावर सगळं चालतं, आणि प्रती हजारोंनी निघतात. ती चित्रं तैलचित्राचा भास देण्यासाठी तुकतुकीत केलेली. त्या सवयीनं कॅसॅटकडे पाहिलं की ती अपुरी वाटते: सावल्या नाहीत, गोलाई नाही, चकाकी नाही. ही सवय तासाभरापुरती बाजूला ठेवा.

रंग कसा चढला

कॅसॅटनं आपली पद्धत नंतर पत्रांतून सांगितली आहे. ड्रायपॉइंटनं बाह्यरेषा काढायची, ती आणखी दोन पत्र्यांवर उतरवून घ्यायची, म्हणजे एका चित्राला जास्तीत जास्त तीन पत्रे, त्याहून अधिक कधीच नाही. रंग हवा तिथे अ‍ॅक्वाटिंट. मग प्रत्येक पत्र्यावर रंग हातानं, जागच्या जागी भरायचे, जसे ते छापून यायला हवेत तसेच. रंग भरायला चिंधीचा छोटा बोळा. फ्रेंचमध्ये या पद्धतीला ‘आ ला पूपे’ म्हणतात. पूपे म्हणजे बाहुली, कारण तो बोळा चिंध्यांच्या बाहुलीसारखा दिसतो. आई-मुलाच्या चित्राला बाहुलीनं रंग लावायचा, हे मला फार आवडतं.

आता कष्टाचा हिशेब करा. एकाच कागदावर दोन-तीन पत्रे एकापाठोपाठ छापायचे, तेही केसभर न सरकता. प्रत्येक प्रतीसाठी पत्रे पुन्हा पुसायचे, पुन्हा सगळे रंग भरायचे. तिच्या मदतीला लरवा नावाचे मुद्रक होते. दोघं मिळून दिवसभर, आठआठ तास राबायचे आणि तेवढ्यात आठ-दहा प्रती निघायच्या, असं तिनंच लिहिलंय. चित्रं दहा, प्रत्येकाच्या प्रती २५. म्हणजे निव्वळ छपाईचे दिवसच महिन्याच्या आसपास जातात, चुकलेले कागद वेगळे. प्रतींवर ‘कलावंतानं आणि लरवा यांनी छापलेलं’ अशी फ्रेंच नोंद तिच्या हस्ताक्षरात आढळते. मुद्रकाचं नाव आपल्या नावाशेजारी लिहिणारे चित्रकार तेव्हा फारसे नव्हते.

तुमच्यासाठी इथला धडा: दोन संग्रहालयांतल्या प्रती शेजारीशेजारी उघडा. एकीत भिंत अधिक तांबूस, दुसरीत फिकट असं आढळेल. ‘खरी कुठली?’ असं विचारू नका. दोन्ही खऱ्या. आणि रंग रेषेच्या किंचित बाहेर गेलेला दिसला तर त्याला चूक म्हणू नका, पत्रा जरासा सरकल्याची ती खूण आहे.

जपानचा वाटा

१८९० च्या वसंतात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत जपानी लाकडी छापचित्रांचं भलंमोठं प्रदर्शन भरलं, सातशेहून अधिक चित्रांचं. कॅसॅट ते पाहून वेडी झाली. चित्रकार मैत्रीण बर्थ मोरिसो हिला तिनं पत्र लिहून ते पाहायला चल म्हणून गळ घातली. त्या प्रदर्शनातून परतल्यावर तिनं दहा रंगीत छापचित्रांचा संच हाती घेतला. ‘मॅटर्नल कॅरेस’ त्यातलंच.

तेव्हा आता किटागावा उतामारो या जपानी चित्रकाराची यामाउबा आणि किंतारो यांची चित्रं शोधा. डोंगरात राहणारी मोकळ्या केसांची आई आणि दांडगं, उघडंवाघडं पोर. उतामारो १८०६ मध्ये वारला, म्हणजे कॅसॅटच्या जन्माच्या ३८ वर्षं आधी. तरी पोराचं आईच्या अंगावर चढणं, सावलीशिवायची सपाट कातडी, कपड्यांवरची नक्षी आणि उघड्या अंगाचा कोरेपणा, हे सगळं एकमेकांशेजारी ठेवलं की नातं आपोआप दिसतं.

फरक मात्र महत्त्वाचा. जपानी चित्रं शिक्क्याच्या जातीची, कॅसॅटचं पाट्याच्या जातीचं. एका जातीच्या हत्यारानं दुसऱ्या जातीचा परिणाम साधायचा खटाटोप तिनं केला. म्हणून रेषेची मखमल तिनं आवरली. चित्रकार कामील पिसारोनं एप्रिल १८९१ मध्ये आपल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात या चित्रांची मोठी तारीफ आहे. रंग जपान्यांइतकेच सुंदर आले आहेत, आणि तेही छपाईच्याच शाईनं, असं तो नवलानं सांगतो. छापचित्रकारांची जी संस्था तेव्हा प्रदर्शन भरवत होती, तिनं नियम केला होता की फक्त फ्रेंच जन्माच्यांनाच प्रवेश. कॅसॅट अमेरिकेतली, पिसारो वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेला. दोघंही बाहेर. मग ड्युराँ-रुएल या चित्रविक्रेत्यानं दोघांना लागूनच्या खोल्या दिल्या. फ्रान्समधलं कॅसॅटचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन असं, दार बंद झाल्यामुळे घडलं.

आता चेहरे

इतका वेळ थांबलात. आता आई आणि बाळाकडे पाहा, पण डोळ्यांपासून सुरुवात करू नका. हात शोधा. आईचे हात कुठे आहेत, बाळाचे कुठे, आणि कुणाचा दाब कुणावर आहे? अगदी बोटांपर्यंत जा. माया दाखवायला कॅसॅटनं हसू किंवा अश्रू वापरलेले नाहीत. तिनं वजन दाखवलंय. मूल जड आहे. झोपेला आलेलं किंवा नुकतं उठलेलं पोर जसं सगळा भार टाकून अंगावर पडतं, तसं. ज्यांनी मूल कडेवर घेतलंय त्यांच्या कमरेला हे चित्र लगेच कळतं.

मग गालांची जागा पाहा. दोन चेहरे भिडतात तिथे गर्दी नाही, सावली नाही, एका रेषेवर भागवलंय. दोघांच्या मध्ये जागाच उरलेली नाही हे सांगायला तिला एक रेषा पुरली.

आणि मग ती पाठ. आईचा कपडा नक्षीनं भरलेला, खुर्ची नक्षीची, भिंत नक्षीची. एवढ्या गजबजाटात बाळाचं अंग तेवढं जवळजवळ निर्मळ. एक बारीक रेषा, आत फिकट रंगाचा भास, आणि बाकी कागद. तो ओलसर कागद, जो प्रेसमध्ये दाबला गेला, पण त्या जागी खाचच नसल्यामुळे फारसं काही न उचलता परतला. माझ्या मते या चित्रातलं मऊपण तिथून येतं. तंत्र सगळ्यात जास्त जिथे चालवता आलं असतं, तिथेच तिनं हात आवरला. बाळाची कातडी रंगवण्याऐवजी कागदालाच कातडी होऊ दिलं.

हे पटलं नाही तर त्याच संचातलं ‘द बाथ’ उघडा. पिवळ्या कपड्यातली बाई, मांडीशी मूल, खाली निळं टब, आणि पाण्याचा अंदाज घेणारा हात. आपल्याकडे पाटावर बसून, लांब केलेल्या पायांवर बाळ आडवं घेऊन न्हाऊ घालतात, त्यातही बायका आधी पाण्यात असाच हात घालतात. संचातला हा पहिला पत्रा. कॅसॅटनं लिहिलंय की जपानी पद्धतीची नक्कल करायचा बेत तिनं पहिल्या पत्र्यानंतर थोडा सोडून दिला आणि वातावरण पकडण्याकडे वळली. दोन चित्रं शेजारी ठेवली की ते दिसतं. ‘द बाथ’मध्ये मागे जवळपास काहीच नाही. ‘मॅटर्नल कॅरेस’मध्ये खोली आहे, घर आहे. ‘द बाथ’ तिनं पुनःपुन्हा बदललं, अभ्यासकांनी त्याच्या १७ अवस्था नोंदवल्या आहेत. पत्र्यात बदल करून काढलेल्या प्रत्येक टप्प्याच्या प्रतीला ‘अवस्था’ म्हणतात. संग्रहालयाच्या माहितीत हा शब्द दिसला की त्याच चित्राच्या आधीच्या अवस्थाही शोधा. त्यात रंग नसलेली, नुसत्या रेषांची आई भेटते.

नवख्यांचे तीन घोटाळे

पहिला, चित्रासाठी बसलेल्या बाईला त्या मुलाची खरी आई समजणं. कॅसॅट मॉडेल बसवायची, आणि बाई-मूल ही खरीच माय-लेकरं असतील असं नाही.

दुसरा, ‘तिला स्वतःला मूल नव्हतं, म्हणून तिनं ही चित्रं काढली’ हे स्पष्टीकरण. ती अविवाहित होती हे खरं. पण नर्तकींची चित्रं काढणाऱ्या चित्रकार देगाला कुणी विचारत नाही की तुला नाचता येत नव्हतं म्हणून तू नर्तकी काढल्यास का. शिवाय त्या दहा चित्रांत आई-मूल तीनच. उरलेल्यांत बायका पत्राचं पाकीट चिकटवतात, शिंपिणीकडून कपडा बेतून घेतात, केस बांधतात, चहाला बसतात, घोड्यांच्या बसमधून जातात. मूल हा त्या दिवसाचा एक भाग.

तिसरा, याला मेरी-येशूचीच नवी आवृत्ती म्हणून सोडून देणं. छाया आहे, नाकारत नाही. कॅसॅटच्या एका तैलचित्राबद्दल देगा म्हणाल्याचं सांगतात, की हा तर बाळ येशू आणि त्याची इंग्रज दाई! तो खवचट होता. पण ‘मॅटर्नल कॅरेस’मधल्या आईला डोक्यामागे तेजोवलय नाही, पाहणाऱ्याकडे तिचं लक्षही नाही. भक्तांना दर्शन द्यायला ती बसलेली नाही.

एकदा स्वतः ओरखडून पाहा

पाहण्यातलं बरंचसं हाताला कळतं. तांबं नको, आम्ल तर घरात मुळीच नको. एक-दीड मिलिमीटर जाडीचा पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या, कडा कानशीनं घासून तिरक्या करा, नाहीतर कागद फाटतो. खाली आपलाच एखादा फोटो ठेवा, आजीच्या मांडीवरच्या नातवाचा वगैरे, आणि लाकडी मुठीत बसवलेल्या जाड सुईनं किंवा दाभणानं रेषा ओरखडा. सुई पेन्सिलीसारखी वळत नाही, वळणावर अडते. तेव्हा कॅसॅटनं काढलेली बाळाच्या पाठीची सलग रेषा काय आहे ते उमगतं.

एचिंगची शाई रेषांत चोळा, मग खळ दिलेल्या जाळीदार सुती कापडानं गोलगोल पुसा. फार पुसलं तर रेषाही पुसली जाते, कमी पुसलं तर सगळं मळकट. जाड, सुती लगद्याचा कागद पाण्यात भिजवून, टिपकागदात दाबून ओलसर ठेवा. चमच्याच्या पाठीनं घासूनही फिकट ठसा येतो, पण खरा उठाव प्रेसशिवाय नाही. गावात कलामहाविद्यालय असेल तर छापचित्र विभागात जाऊन विचारा. मुंबईच्या जे. जे.सारख्या ठिकाणी असे प्रेस आहेत. काम झालं की शाई आधी खाद्यतेलानं आणि मग साबणानं धुवा. नखांत ती चार दिवस राहतेच.

पहिली प्रत वाईट येईल. माझी तर अशी आली होती की बाळ आणि उशी यांत फरक कळेना. तिसऱ्या प्रतीपर्यंत धीर धरा.

आणि प्रत्यक्ष

कागदाला उजेड सोसत नाही, म्हणून ही चित्रं संग्रहालयात कायम भिंतीवर नसतात. न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणारे आपले बरेच लोक मेटला, आर्ट इन्स्टिट्यूटला जातात, भिंतीवर कॅसॅटची तैलचित्रं पाहतात आणि परततात. त्याआधी संकेतस्थळावर छापचित्रांच्या अभ्यासिकेची माहिती काढा. आगाऊ वेळ घेतली तर मागितलेलं चित्र टेबलावर आणून ठेवतात. पेन चालत नाही, पेन्सिल न्या, हात धुऊन जा. चित्र समोर आलं की उभ्यानं पाहू नका. बसा आणि नजर कागदाच्या पातळीला आणा, म्हणजे तिरक्या उजेडात आधी पत्र्याचा ठसा दिसेल, मग नक्षीच्या जागी शाईचा किंचित उठाव, आणि बाळाच्या पाठीवर नुसता गुळगुळीत कागद.